सात इंची कटर रेघ सोडून पळतो? आधी काय बघायचं, नंतर काय, आणि कुठे थांबायचं

"मामा, मशीन सरळ चालंना बघा." आठवड्यातून दोन-तीनदा तरी हे वाक्य माझ्या कानावर येतं. सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या खडखडाटातच माझं दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. त्याआधी बारा वर्षं सुतारकाम केलं. हातातला सात इंची कटर, म्हणजे सर्क्युलर सॉ, वाकडा चालतो ही तक्रार मी इतक्या वेळा सोडवली आहे की मशीन हातात घेण्याआधीच विचारतो, "कापलेला तुकडा आणलाय का?" कारण मशीनपेक्षा तुकडा जास्त बोलतो.

एक गोष्ट आधीच सांगतो. कट वाकडा जाणं आणि मशीन झटका मारून अंगावर येणं हे दोन वेगळे आजार नाहीत. ब्लेड लाकडात मोकळं फिरत नाही, कुठेतरी घासतं किंवा चिमटतं, म्हणून ते रेघ सोडतं. तीच चिमट वाढली की मशीन मागे फेकलं जातं. म्हणून वाकड्या कटाकडे "जाऊ दे, रंधा मारू" म्हणून बघू नका. आज दोन सूत, म्हणजे पाव इंच, वाकडं गेलेलं मशीन उद्या मांडीवर येऊ शकतं. साडेपाच हजार फेऱ्यांनी फिरणाऱ्या सात इंची ब्लेडचा दात ताशी सुमारे 190 किलोमीटर वेगाने धावत असतो. त्यापुढे आपला हात वेळेवर मागे येत नाही.

लक्षणं

कापलेल्या तुकड्याची कड उजेडात धरा आणि एक डोळा मिटून तिच्यावरून नजर टाका.

कट रेघेवर सुरू होऊन फूटभर गेल्यावर दर वेळी एकाच बाजूला सरकतो. असं असेल तर दोष बेसमध्ये, म्हणजे लाकडावर टेकणाऱ्या खालच्या सपाट पत्र्यात, किंवा ब्लेडच्या दातांत आहे. हाताचा दोष असता तर कट कधी डावीकडे, कधी उजवीकडे गेला असता.

वरून रेघ सरळ दिसते, पण कडेला गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, लावला की खाली उजेड दिसतो. म्हणजे ब्लेड बेसला काटकोनात नाही.

कड नागमोडी आहे, बोट फिरवलं की लाटा लागतात. ब्लेड डुगडुगतंय, किंवा तुम्ही मशीन ढकलताय.

कडेवर काळे-तपकिरी जळके पट्टे आहेत, वास येतो. ब्लेड बोथट आहे, डिंकानं माखलंय, किंवा मागचा अर्धा भाग घासतोय.

कट शेवटाकडे आला की मशीन अडखळतं, आवाज दबतो, कधी उडी मारतं. इथे मशीन बहुतेक चांगलं असतं. लाकूड नीट टेकवलेलं नसतं.

सनमायकाच्या कडा उडतात ही तक्रारही लोक यातच घालतात, पण तिचं उत्तर सोपं आहे. या मशीनचे दात खालून वर कापत येतात, म्हणून वरची बाजू फाटते. चांगली बाजू खाली ठेवा आणि जास्त दातांचं ब्लेड लावा. विषय संपला.

काहीही तपासण्याआधी

प्लग बोर्डातून काढा. बोर्डाचं बटण बंद केलं एवढ्यावर भागत नाही, प्लग उपसून तो तुमच्या नजरेसमोर राहील असा ठेवा. बॅटरीचं मशीन असेल तर बॅटरी काढून वेगळी ठेवा. साइटवर एकाच बोर्डावर चार जणांची मशीनं असतात. दुसरा कुणी स्वतःचं समजून तुमचं बटण दाबतो. पुढच्या सगळ्या तपासण्या ब्लेडला हात लावून करायच्या आहेत, म्हणून हे आधी.

फुकटात होणारं: लाकूड कसं टेकवलंय

माझ्या अनुभवात अर्ध्याहून जास्त तक्रारी इथेच संपतात, आणि लोक नेमकं हेच सोडून ब्लेड बदलत बसतात.

आठ बाय चारचा प्लाय दोन घोड्यांवर, म्हणजे सुताराच्या लाकडी स्टँडांवर, ठेवला आणि मधोमध कापायला घेतला, तर काय होतं ते डोळ्यांसमोर आणा. कट निम्म्यावर जातो. प्लाय मध्ये कमकुवत होतो आणि स्वतःच्या वजनानं मधे वाकतो. वाकला की कापलेल्या फटीचं वरचं तोंड मिटतं आणि ब्लेड दोन्ही बाजूंनी आवळलं जातं. ब्लेड थांबू शकत नाही, मोटर फिरवतेच आहे. मग ब्लेडच्या मागच्या बाजूचे, वरून खाली येणारे दात प्लायला पकडतात आणि अख्खं मशीन उचलून मागे, म्हणजे तुमच्याकडे फेकतात. सुतार याला झटका म्हणतात.

माझ्यावर तो एकदा आलेला आहे. विडी घरकुलात एका घराचं कपाट करत होतो, संध्याकाळची घाई. प्लायखाली फक्त दोन स्टुलं. शेवटचा फूट राहिला असताना आवाज एकदम जाड झाला, आणि तो कळेपर्यंत मशीन खाचेतून बाहेर येऊन कापलेल्या प्लायवरून मागे सरपटत माझ्या उजव्या मांडीपाशी पोचलं होतं. पँट चार बोटं फाटली. कातडी वाचली, कारण मी रेघेच्या थेट मागे उभा नव्हतो, जरासा डाव्या बाजूला होतो. आणि खालचा गार्ड जागेवर होता, बाहेर येतायेताच तो ब्लेडवर मिटला. त्या दिवसापासून घोड्यांवर चार आडव्या पट्ट्या टाकल्याशिवाय मी प्लाय ठेवत नाही.

करायचं एवढंच. कटाच्या दोन्ही बाजूंना, कटाला समांतर, प्रत्येकी दोन बॅटन, म्हणजे लाकडी पट्ट्या. कट झाल्यावर दोन्ही तुकडे जागच्या जागी पडून राहिले पाहिजेत, एकही खाली झुकता कामा नये. घोड्या नसतील तर जमिनीवर जाड थर्माकोलची शीट अंथरा, त्यावर प्लाय ठेवा आणि ब्लेड थर्माकोलमध्ये जरासं जाऊ द्या. जुळे सोलापूर, विजापूर रोडकडच्या फ्लॅटमध्ये काम करणाऱ्या पोरांना मी हेच सांगतो. फरशीवर गुडघ्यानं प्लाय दाबून, एक टोक विटेवर ठेवून कापणं बंद करा.

मशीनचं वजन, म्हणजे बेसची रुंद बाजू, ही मोठ्या, पक्क्या टेकलेल्या भागावर राहिली पाहिजे. लोक उलटं करतात. रुंद बाजू सुटणाऱ्या तुकड्यावर ठेवतात आणि शेवटच्या चार इंचांत तुकड्यासकट मशीन खाली कलतं.

खोली आणि उभं राहणं

ब्लेड लाकडाखाली किती बाहेर काढायचं? दात पूर्ण बाहेर दिसेल इतकंच. आकड्यात म्हणाल तर 18 मिमी प्लायला खाली पाच-सहा मिमी. अनेकांचं ब्लेड कायम पूर्ण खोलीवर लावलेलं असतं, कारण घट्ट करायची मूठ झिजलेली असते किंवा सवय नसते. जास्त ब्लेड बाहेर म्हणजे खाचेत जास्त ब्लेड घासतं, वाकायला जास्त जागा मिळते, आणि चुकून हात गेला तर इजाही मोठी. खोली लावल्यावर मूठ आवळा आणि बेस हातानं हलवून बघा. चालू कटात मूठ ढिली पडली तर कट नक्की बिघडतो.

मशीन दोन्ही हातांनी धरा. ब्लेड लाकडाला लागायच्या आधी सुरू करा, पूर्ण वेगात येऊ द्या, मग पुढे सरका. कट रेघेबाहेर गेला तर मनगट पिळून परत आणायचा प्रयत्न करू नका. सरळ खाचेत सपाट ब्लेड पिळलं की तीच चिमट आणि तोच झटका. बटण सोडा, ब्लेड थांबेपर्यंत मशीन तिथेच राहू द्या, मग मागे घ्या आणि सरळ भागातून नव्याने सुरू करा.

गळ्यातला टॉवेल खुंटीला लावा. मे महिन्यात पारा 43 ला टेकतो, घाम डोळ्यांत जातो, सगळं मान्य. पण त्याचं लोंबतं टोक ब्लेडपर्यंत पोचायला क्षण लागत नाही. लुंगी, मोकळ्या बाह्या, सैल हातमोजे यांचंही तसंच. डोळ्यांवर चष्मा, कानात बोळे, पायात बूट हवेत.

दहा-वीस रुपयांचं: रेघ आणि पट्टी

आठ फुटांचा कट नुसत्या हातानं सरळ जात नाही. पंचवीस वर्षं काम केलेल्या मिस्त्रीचाही जात नाही. जे म्हणतात जातो, त्यांच्या कपाटाच्या दाराला गुण्या लावून बघा. मशीनला पट्टीचा आधार द्यायचा, एवढाच उपाय आहे.

आधी रेघ. आपल्या गावात पिळाच्या सुताला तोटा नाही. कुठल्याही मागवाल्याकडे दुपदरी सूत मिळतं. ते गेरूत बुडवून दोन टोकांना ताणा, मधे उचलून सोडा. सूत मारायची ही जुनी पद्धत पेन्सिलीपेक्षा खरी आहे, कारण ताणलेलं सूत वाकडं पडूच शकत नाही. ब्लेड स्वतःही लाकूड खातं, साधारण दोन ते अडीच मिमी. म्हणून रेघेच्या कुठल्या बाजूचा तुकडा ठेवायचा त्यावर फुली मारा आणि ब्लेड फुलीच्या पलीकडच्या बाजूनं चालवा. "प्रत्येक फळी एक सूत कमी पडते" अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांचं मशीन ठीकच असतं, ते रेघेच्या मधोमध कापतात.

मग पट्टी. कारखान्यातून आलेल्या प्लायची न कापलेली कड बहुधा सरळ असते, पण डोळे झाकून विश्वास ठेवू नका. पट्टी प्लायवर ठेवून बारीक पेन्सिलीनं लांब रेघ ओढा. मग पट्टी उलटी पालथी करा, तीच कड त्याच रेघेवर टेकवून पुन्हा ओढा. दोन रेघा एकच झाल्या तर पट्टी सरळ. मधे फट पडली तर पट्टी त्या फटीच्या निम्म्यानं वाकडी. गुण्याही असाच पालथा करून तपासता येतो. खाली पडलेला गुण्या अनेक महिने खोटं सांगत राहतो आणि शिव्या मशीनला बसतात.

रोज प्लाय कापत असाल तर मशीनचा स्वतःचा मार्ग बनवून ठेवा. दुपारच्या दोन तासांचं काम आहे आणि नंतर वर्षभर टेप लावायचा त्रास वाचतो. 6 किंवा 9 मिमी प्लायचा आठ फूट लांब, सव्वा फूट रुंद तुकडा घ्या. त्यावर 12 मिमीची तीन इंची पट्टी डिंक आणि स्क्रूनं बसवा. कारखान्याची सरळ कड मशीनच्या बाजूला ठेवा, आणि ही पट्टी अशा जागी बसवा की बेसच्या रुंद बाजूची कड ते ब्लेड या अंतराहून खालचा तुकडा पट्टीपुढे इंचभर जास्त राहील. डिंक वाळू द्या. आता बेसची रुंद बाजू पट्टीला टेकवून मशीन एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवा. जास्तीचा इंच कापून पडेल आणि उरलेली कड म्हणजे तुमच्या ब्लेडची नेमकी रेघ. पुढे कधीही ही कड खुणेवर ठेवायची, दोन्ही टोकांना क्लॅम्प मारायचे आणि कापायचं. मोजायचं काही नाही.

यात दोन गोष्टींत लोक फसतात. एक, खालच्या प्लायची जाडी धरून ब्लेडची खोली तेवढी वाढवावी लागते. दोन, मोटरचा पोटाचा भाग पट्टीला किंवा क्लॅम्पच्या दांड्याला अडकतो आणि मशीन मधेच थबकतं. म्हणून पट्टी उंच घेऊ नका, क्लॅम्प टोकाला आणि मशीनच्या वाटेबाहेर लावा, आणि सुरू करण्याआधी प्लग काढलेलं मशीन हातानं एकदा पूर्ण सरकवून बघा. मार्गावर मार्करनं मशीनचं आणि ब्लेडचं नाव लिहा. दुसऱ्या मशीनला तोच मार्ग चालत नाही.

काही शे रुपयांचं: ब्लेड

प्लग काढलाय ना? ब्लेड उतरवा आणि उन्हात धरून बघा.

दातांच्या बाजूला तपकिरी-काळा चिकट थर आहे का? प्लायचा डिंक आणि लाकडाची राळ जळून बसते. दात धारदार असले तरी त्या थरामुळे ब्लेड जाड होतं आणि खाचेत घासतं. कोमट पाण्यात भांडी घासायचा साबण टाकून ब्लेड अर्धा तास ठेवा, जुन्या टूथब्रशनं घासा, पुसून पूर्ण कोरडं करा. "बोथट झालंय" म्हणून आणलेली कितीतरी ब्लेडं या एका धुण्यानं पुन्हा कामाला लागलेली मी पाहिली आहेत.

दात मोजा. दात एकाआड एक डावीकडे आणि उजवीकडे तिरपे धार लावलेले असतात. खिळा लागून एका बाजूचे चार-पाच दात उडाले, तर ब्लेड शाबूत दातांच्या बाजूला ओढत जातं. कट दर वेळी एकाच बाजूला सरकतो याचं हे मोठं कारण आहे. आपल्याकडे जुने वाडे पडतात, त्यांचं सागवान पुन्हा वापरलं जातं. लाकूड सोन्यासारखं, पण पोटात चौकोनी लोखंडी खिळे. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोऱ्याला बांधून फळीवरून फिरवा. ओढ लागली तिथे आधी खिळा काढा.

ब्लेडच्या अंगाला, विशेषतः दातांच्या मुळाशी, केसासारखी भेग दिसली तर ते ब्लेड भंगारात द्या. झाळून, घासून वापरू नका. भेग गेलेलं ब्लेड फिरताना फुटतं.

बसवताना ब्लेडवरचा बाण आणि गार्डवरचा बाण एकाच दिशेला हवा. उलटं बसवलेलं ब्लेडही कापतं, जळत, धुरत, जोर लावून कापतं, म्हणून लोकांच्या लक्षात येत नाही. महिन्यातून एखादं तरी असं मशीन येतं. दोन्ही बाजूंचे वॉशर पुसून घ्या. त्यांच्यामागे भुशाचा एक कण जरी दबला तरी ब्लेड डुगडुगतं. भोक शाफ्टला नेमकं बसलं पाहिजे. मोठ्या भोकाचं ब्लेड रिंग न लावता बसवणं म्हणजे ब्लेड मध्यापासून सरकवून फिरवणं. ब्लेडवर छापलेला जास्तीत जास्त फेऱ्यांचा आकडा मशीनच्या पाटीवरच्या आकड्यापेक्षा जास्त हवा, कमी चालत नाही.

बसवल्यावर बेसवर पेन्सिल अशी धरा की टोक ब्लेडला जेमतेम टेकेल, आणि ब्लेड हातानं एक पूर्ण फेरी फिरवा. टोक कुठे घासतं, कुठे सुटतं ते दिसेल. ब्लेड अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवा. डुगडुग ब्लेडबरोबर फिरली तर ब्लेड वाकडं. जागा बदलली नाही तर वॉशर किंवा शाफ्ट वाकडा, आणि शाफ्ट तुमच्या हातचं काम नाही.

दातांबद्दल थोडक्यात: जाड फळी लांबीच्या दिशेनं फाडायला 24 दात, प्लायला 40, सनमायकाला 60. 60 दातांच्या ब्लेडनं बाभळीची जाड फळी फाडायला गेलात तर ते जळणारच. दातांमधल्या जागेत भुसा मावत नाही.

बेस आणि गार्ड

ब्लेड ठीक असूनही कट एकाच बाजूला जात असेल, तर बेस ब्लेडला समांतर नाही. पत्र्याचा बेस असलेलं मशीन एकदा घोडीवरून पडलं की तो वाकतो. जानेवारीत गड्डा यात्रेच्या स्टॉलांच्या कामाच्या दिवसांत अशी पडलेली मशीनं हमखास येतात.

खोली पूर्ण लावा. खालचा गार्ड दांडीनं मागे धरा. ब्लेडच्या एका दातावर मार्करनं खूण करा. तो दात पुढे आणून बेसच्या कडेपासून अंतर मोजा. मग ब्लेड फिरवून तोच दात मागे आणा आणि पुन्हा मोजा. दोन्ही वेळी तोच दात घ्यायचा, म्हणजे ब्लेडची स्वतःची डुगडुग मापात येत नाही. अर्ध्या मिमीपर्यंत फरक चालतो. सहा इंचांत 1 मिमी फरक म्हणजे आठ फुटांत 16 मिमी. इतकं ओढणारं मशीन तुम्ही हातानं रेघेवर आणत राहता, ते पुन्हा पळतं, आणि ब्लेडचा मागचा भाग सगळा वेळ घासत राहतो. पट्टी लावली तरी ते पट्टीपासून सुटायला बघतं किंवा तिच्यावर चढायला.

काही मशीनांत बेसच्या बिजागरीजवळ स्क्रू असतो, त्यानं हे नीट करता येतं. नसेल, किंवा बेसच मुरगळला असेल, तर बेस बदला. ऐरणीवर ठोकून सरळ केलेला बेस मी पुन्हा पुन्हा परत येताना पाहिला आहे.

काटकोनासाठी कोन शून्यावर लावा आणि गुण्या बेस व ब्लेडच्या अंगाला टेकवा. दाताला टेकवू नका, दात अंगापेक्षा बाहेर असतात. फट दिसली तर शून्याचा थांबा-स्क्रू फिरवून घ्या. पाटीवरच्या कोनाच्या खुणेवर भरवसा ठेवू नका, ती नुसती रंगवलेली असते.

आता गार्ड. खालचा गार्ड उघडून सोडला की "चट" आवाज करत स्वतः मिटला पाहिजे. हळूहळू मिटतो, मधे अडकतो, तर आत भुसा आणि राळ बसली आहे. ब्रशनं साफ करा. तेल घालू नका, तेलाला भुसा चिकटून दुप्पट अडकतो.

दुकानात आलेल्या मशीनचा गार्ड वर ओढून मागाच्या सुतानं किंवा तारेनं बांधलेला दिसला की माझा जीव खाली-वर होतो. "मामा, रेघ दिसत नाही म्हणून बांधलाय." रेघ बघायला बेसच्या पुढे खाच आहे, तिच्यातून बघा. बांधलेल्या गार्डचं मशीन तुम्ही कट संपवून जमिनीवर ठेवता तेव्हा ब्लेड अजून फिरत असतं, आणि फिरतं ब्लेड फरशीवर मशीनला घेऊन पळतं. बाजूला पाय असतात, कधी घरमालकाचं लेकरू असतं. असं मशीन माझ्याकडे आलं की मी आधी सूत कापतो, मग बाकी दुरुस्ती.

चार इंची मार्बल कटरला लाकडाचं ब्लेड लावून प्लाय कापणारे खूप आहेत, त्यांच्यासाठी स्वतंत्र सांगतो. ते मशीन फरशीसाठी आहे. बेस चिमुकला, खाली मिटणारा गार्ड नाही, आणि फेऱ्या बारा हजारांच्या पुढे. म्हणजे लहान ब्लेड असूनही दाताचा वेग सात इंचीपेक्षा जास्त. ते सरळ चालावं म्हणून मी काही करून देत नाही. सात इंची घ्या, जुनं घ्या, भाड्यानं घ्या.

वायर आणि कार्बन

सात इंची मशीन साधारण 1200 ते 1400 वॉटची, म्हणजे सहा अँपिअरच्या आसपास ओढणारी, सुरू होताना त्याहून बरीच जास्त. पातळ वायरचं लांब भेंडोळं, त्यात दोन ठिकाणी टेप गुंडाळलेले जोड, असं असेल तर मशीनला पुरता दाब मिळत नाही. फेऱ्या पडतात, तुम्ही जोर लावता, ब्लेड वाकतं, कट लाटा मारतो. तपासणी सोपी आहे: मशीन थेट भिंतीच्या पॉइंटवर लावून एक कट घ्या. फरक पडला तर दोष वायरचा. 1.5 चौरस मिमीची अखंड तांब्याची वायर घ्या आणि भेंडोळं पूर्ण उलगडून वापरा, गुंडाळलेलं गरम होतं. साइटच्या बोर्डाला 30 मिलीअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की आपोआप पडणारा स्विच, असेल तर उत्तम, नसेल तर वायरमनकडून बसवून घ्या. केबल खांद्यावरून मागे टाका, कटाच्या वाटेत येऊ देऊ नका.

मशीन मधेच बंद पडतं, चापट मारली की चालू होतं, ठिणग्या नेहमीपेक्षा जास्त दिसतात: मोटरला आत वीज पोचवणारे कार्बन ब्रश संपलेत. बाहेरून झाकण असलेल्या मशीनमध्ये हे घरी बदलता येतात. दोन्ही एकदम बदला, त्याच मापाचे, खाचेत मोकळे सरकणारे. मग पाच मिनिटं मोकळं चालवा.

इथे थांबा, मशीन दुरुस्तीवाल्याकडे द्या

प्लग काढून ब्लेड दोन बोटांत धरून आत-बाहेर, वर-खाली हलवा. खेळ जाणवला तर बेअरिंग गेलंय. ते काढायला पुलर आणि दाबयंत्र लागतं. हातोडीनं ठोकून बसवलेलं बेअरिंग महिनाभरात आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, घेऊन जातं.

नवे कार्बन घालूनही आत ठिणग्यांचं गोल कडं दिसतं, जळका वास येतो, गिअरचा कर्कश आवाज आहे, शाफ्ट वाकडा आहे, गार्डची स्प्रिंग तुटली आहे: यातलं काहीही असेल तर तुमचं काम संपलं. अंगाला झिणझिण्या आल्या तर त्याच क्षणी बंद करा, "चप्पल घालून वापरतो" असं म्हणू नका. बटण सोडूनही मशीन फिरतच राहिलं तर प्लग उपसा आणि पुन्हा लावू नका.

आणि हात कापला तर दुरुस्ती, मालक, कामाची वेळ सगळं बाजूला. स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, हात वर ठेवा, 108 ला फोन करा किंवा सरळ हॉस्पिटल गाठा. हळद, चहापूड जखमेवर टाकू नका. बोट तुटलं असेल तर ते ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा, ती पिशवी बर्फावर ठेवा आणि सोबत न्या. बोटाला बर्फ थेट लागू देऊ नका.

मशीन दुरुस्तीला देताना त्यावर लावलेलं ब्लेड आणि वाकडा कापलेला तुकडा बरोबर द्या. परत घेताना पैसे देण्याआधी तीन गोष्टी समोर करून घ्या: गार्ड चट मिटतो का, गुण्या बसतो का, आणि दोन फुटांच्या टाकाऊ प्लायवर पट्टी लावून एक कट. तो तुकडा पालथा करून खाली राहिलेल्या भागाच्या कापलेल्या कडेला भिडवा. मधून उजेड आला नाही तर मशीन घेऊन जा. आला तर तिथेच ठेवा आणि पुन्हा उघडायला सांगा.